इंजिन बंद आणि एसी चालू: बॅटरी काय देऊ शकते, काय नाही

मे महिन्यातलं लग्न. मांडवातल्या दोन्ही कूलरसमोर पाहुण्यांनी खुर्च्या अडवलेल्या, बाहेर ४५ अंश. कुणीतरी गाडीत जाऊन बसतं, इंजिन सुरू न करता किल्ली ‘ऑन’वर नेतं, पंखा चारवर करतं आणि एसीचं बटण दाबतं. बटणावरचा दिवा लागतो, हवाही येते. गाडी नुकतीच येऊन थांबली असेल तर पहिली दोन-तीन मिनिटं ती हवा बरी वाटते. मग कोमट होते, मग गरम. जेवणाच्या पंगती उठतात, निघायची वेळ होते आणि सेल्फ मारला की नुसतं ‘कट-कट-कट’.

त्या दिव्याचा अर्थ एवढाच, की एसी हवा आहे हा तुमचा निरोप गाडीला मिळाला. गार करणारा भाग चालू झाला, असा त्याचा अर्थ नाही.

गारवा पट्ट्यावर चालतो

पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीच्या साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनला पट्ट्याने जोडलेला असतो. इंजिन फिरलं की पट्टा फिरतो. एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेला विजेचा क्लच चिकटतो आणि कॉम्प्रेसर फिरायला लागतो. तो गॅस दाबतो. दाबलेला गरम गॅस रेडिएटरच्या पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रव होतो. मग बारीक व्हॉल्व्हमधून सुटून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये एकदम फैलावतो आणि कॉइल थंडगार करतो. पंखा त्या कॉइलवरून हवा ढकलतो, ती तुमच्या तोंडावर येते.

या सगळ्यात बॅटरीवर चालणारं काय? पंखा, क्लच आणि कंडेन्सरपुढचा फॅन. दाबायचं मूळ काम इंजिनचं. इंजिन बंद असताना एसी लावणं म्हणजे पट्टा उतरलेल्या पिठाच्या चक्कीत दाणे ओतत बसणं. सुरुवातीला जो गारवा येतो तो कॉइलमध्ये उरलेला असतो आणि उन्हाळ्यात तो काही मिनिटांत संपतो.

सिग्नलवर आपोआप इंजिन बंद करणाऱ्या गाड्यांतही हेच होतं. इंजिन थांबलं की गारवा उतरायला लागतो आणि आतलं तापमान वाढलं की गाडी स्वतःहून इंजिन पुन्हा सुरू करते. गाडीवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलंय म्हणून गैरसमज नको. अर्टिगासारख्या सौम्य हायब्रिड गाडीतला कॉम्प्रेसरही पट्ट्यावरच असतो.

मग थेट बॅटरीवरच कॉम्प्रेसर का चालवत नाहीत? हिशेब करून बघा. लहान गाडीच्या कॉम्प्रेसरला कडक उन्हात दोन ते तीन किलोवॅट ताकद लागते. १२ व्होल्टवर तीन किलोवॅट म्हणजे २५० अँपिअर. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे पूर्ण भरलेली असताना तिच्यात सव्वाचारशे वॅट-तासांच्या आसपास वीज. कागदावर हे आठ मिनिटं पुरतं, प्रत्यक्षात चारही नाही. कारण एवढा मोठा करंट एकदम ओढला की शिशाची बॅटरी तिच्यावर लिहिलेली क्षमता देतच नाही. ही बॅटरी मुळात सेल्फसाठी बनलेली असते. दोन-चार सेकंद दांडगा करंट द्यायचा आणि मग डायनामोकडून भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम.

नुसता पंखा चालवला तर किती वेळ?

किल्ली ‘एसीसी’वर, म्हणजे ‘ऑन’च्या आधीच्या खटक्यावर, असेल तर बहुतेक गाड्यांत टेप आणि मोबाइलचं चार्जिंग एवढंच चालतं. पंख्यासाठी ‘ऑन’वर जावं लागतं, आणि तिथे मीटर, सेन्सर, इंजिनचा कॉम्प्युटर असं सगळं जागं होतं. पंख्याशिवायच साधारण पाच अँपिअर जातात. पंखा पहिल्या टप्प्यावर चार-पाच अँपिअर घेतो, शेवटच्या टप्प्यावर पंधरा-वीस. मधल्या टप्प्याचा पंखा आणि ‘ऑन’चा खर्च मिळून १५ अँपिअर धरा.

आता बॅटरी. ३५ची बॅटरी दोन-तीन उन्हाळे काढलेली असेल तर हाती २५ अँपिअर-तास उरलेत असं समजा. त्यातलं अर्धं सेल्फसाठी राखलंच पाहिजे. म्हणजे वापरायला १२, आणि १५ अँपिअरने ते ४५-५० मिनिटांत संपतात. त्यात इंजिन तापलेलं असेल तर ‘ऑन’वर रेडिएटरचा फॅनही सुरू होऊ शकतो आणि तो एकटा आणखी १५ अँपिअरच्या घरात जातो. तेव्हा हाच वेळ निम्म्यावर येतो. लग्नातल्या त्या गाडीचं नेमकं हेच झालं.

बोलेरोसारख्या डिझेल गाडीत बॅटरी मोठी असते, पण तिचा सेल्फही जास्त खातो. मोठी बॅटरी म्हणून जास्त वेळ बसू, हा हिशेब तिथे फसतो.

नीट अंदाज हवा असेल तर साधा मल्टिमीटर गाडीत ठेवा. इंजिन बंद करून तासाभराने बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२.० म्हणजे पाव. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. त्यापेक्षा कमी दिसले तर डायनामो किंवा त्याचा पट्टा तपासा. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा मीटर कमी अचूक असतो, पण पंखा चालू असताना आकडा ११.८ कडे सरकतोय एवढं तो दाखवतो. तेवढं कळलं की पंखा बंद करायचा.

आपल्याकडे विदर्भात एक भानगड जास्तीची आहे. थंडीत बॅटरी बसते असं सगळे म्हणतात, पण तिचं आयुष्य खातो तो उन्हाळा. बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या जाळ्या लवकर गंजतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या पट्ट्यात बोनेटखालचं तापमान दुपारी किती असेल याचा विचार करा. शिवाय अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवर कडक थर बसतो आणि तो पुढे निघत नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर मार्च ते जून दर महिन्याला पाणी बघा. प्लेटांच्या वर साधारण एक सेंटीमीटर पाणी हवं आणि ते डिस्टिल्डच. विहिरीचं, नळाचं किंवा गावातल्या फिल्टरच्या कॅनचं पाणी टाकू नका, त्यातले क्षार आतच राहतात.

इंजिन चालू ठेवून बसायचं असेल तर

थांबूनच गारवा हवा असेल तर साध्या गाडीत इंजिन चालवण्याला पर्याय नाही. लहान पेट्रोल गाडी एसीसह उभ्या उभ्या तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल खाते, मोठी डिझेल गाडी एक ते दीड लिटर डिझेल. म्हणजे तासाला शंभरेक रुपये. म्हातारं माणूस किंवा बाळंतीण सोबत असेल तर हे पैसे घालावेत, त्यात काटकसर नको.

पण गाडी कुठे उभी आहे, हे आधी बघा.

वावराच्या धुऱ्यावर, कुटाराच्या म्हणजे भुशाच्या ढिगाजवळ किंवा वाळलेल्या गवतावर गाडी उभी करून इंजिन चालू ठेवू नका. सायलेन्सरच्या पुढचा भाग, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी जाळायची प्रक्रिया सुरू असेल तर तिथलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. मे महिन्यातल्या कुटाराला यापेक्षा खूप कमी पुरतं. गव्हाचं काड, तुरीचं कुटार, पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीच्या काड्यांचा ढीग, सगळं सारखंच. गाडीचं पोट आणि गवत यांच्यात वीतभर अंतर दिसतं, पण गवताचं एक टोक टेकलं तरी पुरे. पांढऱ्या मातीच्या मोकळ्या जागेवर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला उभी करा.

दुसरं, बंद जागा. गोडाऊन, टिनाचं शेड, तीन बाजूंनी झाकलेला गोठा. सावली म्हणून आत गाडी घेतात आणि इंजिन चालूच ठेवतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. जागं माणूस असेल तर डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. झोपलेल्याला यातलं काही कळत नाही आणि तो उठत नाही. सायलेन्सर गंजून भोक पडलं असेल तर मोकळ्या जागेतही धूर गाडीखाली साचून आत येऊ शकतो. म्हणून इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून झोपायचं नाही. बसून राहायचं असेल तर काच दोन बोटं उघडी आणि सायलेन्सरच्या नळीचं तोंड वारा वाहत जातो त्या बाजूला. चालकाच्या सीटवर डुलकी लागून पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला गेला की सायलेन्सर लाल होईपर्यंत तापतो, तेही आगीचं एक कारण आहे. बसायचंच तर शेजारच्या सीटवर बसा, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला टाकून.

आणि लेकरं. एसी लावलाय, इंजिन चालू आहे, दोन मिनिटांत येतो, असं म्हणून लेकराला एकटं गाडीत ठेवू नका. इंजिन बंद पडायला निमित्त लागत नाही, आणि बंद पडलं की उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान दहाएक अंशांनी चढतं. बाहेर ४५ असेल तर आत काय होईल ते सांगायला नको. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं.

चालताना गार, थांबल्यावर कोमट

ही तक्रार उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऐकू येते. थोडा फरक साहजिक आहे. उभ्या गाडीत इंजिनचे फेरे मिनिटाला नऊशेच्या आसपास, कॉम्प्रेसर हळू, आणि समोरून वारा नाही. कंडेन्सरला सगळी हवा त्याच्या फॅननेच मिळते. पण हवा अगदीच कोमट येत असेल तर दोष शोधायला हवा.

आधी फॅन बघा. इंजिन सुरू करून एसी लावा, बोनेट उघडा, हात लांब ठेवा. मिनिटभरात पुढचा फॅन जोरात फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटर.

फॅन ठीक असेल तर जाळी बघा. ज्या गाड्या हंगामभर जिनिंगच्या आवारात किंवा कापूस बाजारात उभ्या राहतात, त्यांच्या कंडेन्सरवर रुईचे तंतू आणि धूळ मिळून चादरीसारखा थर बसतो. त्यावर सोयाबीनच्या मळणीचा भुसा. समोरून ग्रिलमध्ये टॉर्च मारून पाहिला की करड्या रंगाची लव दिसते. बऱ्याचदा ती कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असते, तेव्हा पुढून काहीच दिसत नाही आणि मेकॅनिकही फसतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर मऊ ब्रशने, साध्या नळाच्या धारेने, शक्य असेल तर आतून बाहेरच्या दिशेने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका. पातळ पापुद्रे आडवे पडतात आणि मग हवा कायमची अडते.

तिसरं कारण गॅस, आणि इथे जरा स्पष्ट बोलायला हवं. ‘गॅस कमी झालाय, भरून टाकू’ हे दर उन्हाळ्यात ऐकायला मिळतं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. वर्षभरात गारवा गेला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या पाइपवर पैसे घालणं. भरायचाच असेल तर आधी वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढणं, मग वजन करून, बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलं असेल तेवढेच ग्रॅम. लहान गाड्यांत हा आकडा साधारण ३५० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान असतो. अंदाजाने जास्त भरला तर दाब वाढतो, सुरक्षा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि उभ्या गाडीत एसी पुन्हा कोमटच येतो.

उभं असताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी लगेच बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण जोरात, काचा खाली. घाम निघेल, पण इंजिनची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. काटा लालवर गेला किंवा वाफ आली तर इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

एसीशिवाय गाडीत बसायचं तर

मे महिन्यातली आपली हवा कोरडी. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर याच कोरडेपणावर चालतात, गाडीतही तेच जमतं. गाडी लिंबाखाली घ्या, चारही काचा उघडा, वारा येतो त्या बाजूच्या खिडकीत ओला पिळलेला दुपट्टा अडकवा. पाणी उडताना उष्णता घेतं, आत येणारी हवा खरोखर गार लागते. दर पंधरा-वीस मिनिटांनी कापड पुन्हा ओलं करा. लायटरच्या खाचेत लागणारा १२ व्होल्टचा लहान पंखा अँपिअर-दोन अँपिअरच घेतो, म्हणजे गाडीच्या पूर्ण जोरातल्या पंख्याच्या आठवा-दहावा भाग, आणि बऱ्याच गाड्यांत तो ‘एसीसी’वर चालतो. पाऊस सुरू झाल्यावर मात्र ओल्या कापडाचा उपयोग नाही, तेव्हा हवेतच पाणी असतं.

उभी करताना समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा. परत आल्यावर आधी सगळी दारं मिनिटभर उघडी, मग काचा खाली ठेवून थोडं चालवा, आणि आतली भपकाऱ्याची हवा निघून गेल्यावरच काचा बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. पोचायच्या दोन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवलात तर उरलेला गारवा वापरला जातो आणि कॉइल वाळल्याने कुबट वासही येत नाही.

बॅटरी बसलीच तर

गावात दुसरी कार मिळो न मिळो, ट्रॅक्टर मिळतो. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टचीच असते, त्यामुळे तिच्यावर कार सुरू करता येते. मोठ्या ट्रकवर किंवा एसटीवर जोडू नका, तिथे २४ व्होल्ट असतात आणि कारचा कॉम्प्युटर जळू शकतो.

केबल जाड हवी, पंपाची उरलेली वायर चालत नाही. क्रम असा: लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी केबल ट्रॅक्टरच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक कारच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. तिथे ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असतो, म्हणून. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. पाच मिनिटं थांबा, मग कारचा सेल्फ मारा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. ट्रॅक्टर सुरू ठेवलाच तर मंद ठेवा, रेस करू नका. कार सुरू झाली की उलट क्रमाने सोडवा.

धक्का मारून सुरू करणं फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीत: किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा. एएमटी किंवा ऑटोमॅटिकला धक्का मारू नका. आणि मीटरचे दिवेसुद्धा लागत नसतील तर आजकालच्या कुठल्याच गाडीला धक्क्याचा उपयोग नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि किल्ली ओळखणारी यंत्रणा दोन्ही विजेवर चालतात.

सुरू झाल्यावर उभ्या उभ्या बॅटरी नीट भरत नाही, मंद इंजिनवर डायनामो कमी देतो. अर्धा-पाऊण तास रस्त्याने चालवा, तेवढा वेळ एसी बंद ठेवलेला बरा. रात्री चार्जरवर लावता आली तर उत्तम.

ज्यांना हे लागू नाही

बॅटरीवरच्या कारला इंजिनच नाही. तिचा कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीवर, शेकडो व्होल्टवर चालतो. ३० किलोवॅट-तासांची बॅटरी असेल तर आत गार झाल्यावर तासाभराच्या एसीला साधारण एक युनिट लागतं, म्हणजे तीन-चार टक्के. धूर नाही, आवाज नाही. फक्त डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसलं पाहिजे. ‘रेडी’ नसताना नुसते दिवे-टेप चालू ठेवले तर तिच्यातली छोटी १२ व्होल्टची बॅटरी बसते, आणि मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. ग्रँड विटाराचं स्ट्राँग हायब्रिड किंवा हायक्रॉस हायब्रिड यांतही कॉम्प्रेसर विजेचा असतो. इंजिन बंद राहूनही एसी चालतो, बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. म्हणून कुटार आणि बंद गोठा हे दोन्ही नियम त्यांना लागूच आहेत.

ट्रकचं वेगळं. २०२५ मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला, पण तोही इंजिनवर चालणारा. घुग्घुस-वणीच्या कोळशाच्या रांगेत किंवा गडचांदूरच्या सिमेंटच्या गेटवर तासन्‌तास थांबणाऱ्यांसाठी छतावर बसणारा २४ व्होल्टचा पार्किंग एसी मिळतो. तो पाचशे ते नऊशे वॅट घेतो. १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांतली निम्मी वीज वापरायची म्हटलं तर दोन ते साडेतीन तास निघतात, रात्र नाही. रात्रभर हवा असेल तर त्याच्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या लावा, सेल्फच्या बॅटऱ्यांवर भार टाकू नका. बसवताना फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घ्यायला सांगा, आणि व्होल्टेज किती खाली गेल्यावर एसी बंद पडायचा ती मर्यादा २३ च्या आसपास ठेवून घ्या. बसवणारे बऱ्याचदा ती २१ वर ठेवून देतात. एसी जास्त वेळ चालतो म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि सकाळी ट्रक सुरू होत नाही.